हरवलेल्या भागांची मापे

जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांच्या गप्पा बहुधा रंग, क्रोम आणि कार्ब्युरेटर यांच्याभोवती फिरतात. अल्टरनेटरची आठवण होते ती रात्री घाटात दिवे मंदावू लागले की. तोवर हा नारळाएवढा ॲल्युमिनियमचा गोळा इंजिनाच्या कुशीत पट्ट्यावर मुकाट फिरत असतो. गेली काही वर्षे मी असे अल्टरनेटर उघडून त्यांच्या भागांची मापे वहीत उतरवतो आहे. हा लेख त्यांतल्या एका घराण्यापुरता आहे : ब्रिटनच्या लुकास कंपनीचे ‘एसीआर’ मालिकेतले अल्टरनेटर, आणि त्यांचे झिजलेले किंवा हरवलेले भाग आज कसे मिळवायचे. भाग मिळत नाही म्हणून अख्खा अल्टरनेटर भंगारात जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. चुकीचा भाग सहज मिळतो म्हणून चांगला अल्टरनेटर मरतो, हे कोणी फारसे बोलत नाही. माझ्या पाहण्यात दुसरा प्रकार जास्त आहे.

आधी थोडा इतिहास. अल्टरनेटर येण्यापूर्वी मोटारीत डायनामो असे. डायनामोत वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि ती सगळीच्या सगळी कम्युटेटर व कार्बनमधून बाहेर काढावी लागते. इंजिन मंद चालत असले की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला उभ्या गाडीचे दिवे बॅटरीच्या जिवावर चालतात. अल्टरनेटरने ही मांडणी उलटी केली. त्यात चुंबक मधे फिरतो आणि वीज भोवतालच्या स्थिर गुंडाळीत, म्हणजे स्टेटरमध्ये, तयार होते. कार्बनमधून जातो तो फक्त चुंबक जागवणारा दोन-तीन अँपिअरचा प्रवाह. ही कल्पना नवी नव्हती. अडचण एवढीच होती की अशी वीज दिशा बदलत राहते आणि बॅटरीला एकाच दिशेची लागते. छोटे, स्वस्त, उष्णता सोसणारे सिलिकॉन डायोड १९५०च्या दशकाच्या अखेरीस मिळू लागले, तेव्हा ती सुटली. १९६० साली क्रायस्लरने आपल्या व्हॅलिअंट मोटारीत अल्टरनेटर सरसकट बसवला आणि डायनामोचे दिवस भरले.

ब्रिटनमध्ये हे जरा सावकाश झाले. तिथल्या मोटारींचे विजेचे सामान म्हणजे मुख्यत्वे बर्मिंगहॅमची लुकास कंपनी. (दिवे कधी जातील याचा नेम नाही म्हणून इंग्रज गिऱ्हाईक या कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत. ही थट्टा मला अर्धीच खरी वाटते. अर्धा दोष कुजक्या अर्थ-जोडांचा असे.) एमजीबी ही खेळकर स्पोर्ट्‌स मोटार घ्या. १९६७च्या अखेरीस तिची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात डायनामो जाऊन अल्टरनेटर आला आणि बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले होते ते बदलून ऋण टोक जोडले गेले. सुरुवातीला रेग्युलेटर बाहेर, वेगळ्या डबीत होता. थोड्याच काळात तो अल्टरनेटरच्या पोटात गेला आणि नावापुढे ‘आर’ लागला : १५ एसीआर, १६ एसीआर, १७ एसीआर, १८ एसीआर. जुना सी-४० डायनामो २२ अँपिअर देई. १५ एसीआर २८, १६ एसीआर ३४ आणि १७ एसीआर ३६ देतो.

आपल्याकडे हे घराणे मद्रासमार्गे आले. १९६१ साली लुकास आणि टीव्हीएस यांनी मिळून लुकास-टीव्हीएस कंपनी काढली; कारखाना पाडीला. अँबॅसडरच्या बॉनेटखाली तिची नावपट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच पुण्याच्या नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात लुकास वळणाचे कार्बन, डायोडच्या प्लेटी, पंखे आजही हाती लागतात. सगळेच एकमेकांना बसतात असे मात्र नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गोंधळाचे मूळ नावांत आहे. आपले मिस्त्री अल्टरनेटरच्या ब्रशला ‘कार्बन’ म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, पण त्याने सगळे कार्बन एका जातीचे ठरतात. स्टार्टरचा कार्बन शेकडो अँपिअर वाहतो, म्हणून त्यात तांब्याची भुकटी भरपूर असते; हातात घेतला तर लालसर आणि जड लागतो. अल्टरनेटरचा कार्बन ग्राफाइटकडे झुकलेला, काळा, हलका आणि मऊ. पहिला कानशीने घासून दुसऱ्याच्या खोबणीत बसवला तर गाडी चार्ज करू लागते, मिस्त्रीला पैसे मिळतात, आणि पुढे तांब्याच्या स्लिप रिंगला चरे पडतात. कार्बन काही रुपयांचा, रिंग दुर्मीळ. कार्बन मिळतच नसेल तर तो दुसऱ्या एखाद्या अल्टरनेटरच्याच मोठ्या कार्बनमधून कापावा. कापताना शेपटीची, म्हणजे त्यात बसवलेल्या तांब्याच्या वेणीची, मूळ पकड हलू देऊ नये. खोबणीत तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकून बसणारा कार्बन आणि नसलेला कार्बन सारखेच. लुकासच्या पुस्तिकेत नव्या कार्बनची लांबी १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, दिली आहे आणि खोबणीबाहेर ५ मिलिमीटर उरला की बदलायला सांगितले आहे. आतल्या बाजूच्या कार्बनला कडेने एक इवलीशी पानपट्टीची स्प्रिंग असते. ती कार्बनला डुगडुगू देत नाही. उघडताना ती टुणकन उडते आणि गॅरेजच्या जमिनीवर नाहीशी होते. मी उघडलेल्या जुन्या अल्टरनेटरांपैकी कित्येकांत ती नव्हतीच, आणि ती असावी लागते हे आधीच्या कोणाला ठाऊकही नसावे.

स्लिप रिंग काळवंडली असेल तर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावी. तेवढ्याने भागले नाही तर अगदी बारीक काचकागद. एमरी कापड वापरू नये, कारण त्याचे कण तांब्यात रुततात आणि मग नवा कार्बन कुरतडत राहतात. रिंग लेथवर धरून सपाट करायलाही पुस्तिकेची मनाई आहे. आपल्या लेथवाल्यांना हे पटत नाही. आर्मेचरचा कम्युटेटर ते वर्षानुवर्षे तसाच साफ करत आले आहेत. पण डायनामोचे आर्मेचर आणि अल्टरनेटरचा रोटर यांच्या वेगात फार अंतर आहे. रोटर दहा-बारा हजार फेऱ्यांपर्यंत जातो, आणि तिथे केसाएवढा तिरपेपणासुद्धा कार्बनला नाचवतो. रिंग खरोखरच खलास झाली असेल तर तिचा साचाबंद तुकडा डाग सोडवून शाफ्टवरून काढता येतो आणि दुसरा बसवता येतो. मागचे बेअरिंग काढायचे असले तरी हे करावेच लागते. दोन्ही डाग सुटल्याशिवाय ओढले तर रोटरच्या गुंडाळीची तार तुटते आणि पन्नास रुपयांचे काम पाच हजारांचे होते.

रोटर चांगला आहे की नाही हे कळायला साधा मीटर पुरतो. दोन रिंगांवर टोके ठेवली की १६ एसीआरमध्ये सुमारे ४.३ ओहम यायला हवेत. बारा व्होल्टला ४.३ने भागा : पावणेतीन अँपिअरच्या आसपास. कार्बनमधून जाणारा प्रवाह तो हाच. ओहम फार कमी आले तर गुंडाळीचे वेढे आपसांत चिकटले आहेत, काहीच आले नाही तर तार तुटली आहे. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र मीटर अजिबात हलता कामा नये.

बेअरिंगची गोष्ट सगळ्यांत सोपी, आणि म्हणूनच विचार करायला लावणारी. बेअरिंगच्या कडेला कोरलेला आकडा हे त्याचे माप असते. ६२०३ म्हणजे भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. शेवटचे दोन अंक ०० असतील तर भोक १०, ०१ला १२, ०२ला १५, ०३ला १७ आणि ०४पासून पुढे पाचने गुणायचे. हा आकडा जगातल्या कुठल्याही कंपनीच्या बेअरिंगवर तोच अर्थ सांगतो. बर्मिंगहॅममध्ये साठच्या दशकात बसवलेल्या बेअरिंगवर असा प्रमाण आकडा असला तर आज चिंचवडच्या एसकेएफच्या कारखान्यातले बेअरिंग त्याच जागी बसते आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता माहीत असण्याची गरज पडत नाही. एकच सावधगिरी : आकड्यापुढची अक्षरेही वाचावीत. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण, पत्र्याचे झाकण, तापल्यावर फुगायला ठेवलेली जादा ढिलाई, हे सगळे त्या अक्षरांत असते. अल्टरनेटर तापतो, तेव्हा ढिलाईचे अक्षर गौण नाही.

कार्बनला असे नाव मिळाले असते तर या लेखाचा निम्मा भाग लिहावा लागला नसता. कार्बनचे नाव कंपनीचे असते. कंपनीने क्रमांक बदलला किंवा कंपनीच गेली की नाव निरर्थक होते, आणि माप कोणी लिहून ठेवलेले नसते. भाग हरवला तर तो पुन्हा बनवता येतो; माप हरवले की काय बनवायचे तेच कळत नाही.

याचा सगळ्यांत जास्त त्रास बिनविजेच्या किरकोळ भागांत होतो. पुली आणि पंखा शाफ्टवर अर्धचंद्राच्या आकाराच्या एका चावीने अडकवलेले असतात. ती चावी पडली की कोणीतरी नट आणखी आवळतो. पुली काही दिवस धरते, मग घसरू लागते आणि शाफ्टची खाच खाऊन टाकते. चावी कोणताही फिटर तासाभरात घासून देईल, पण खाच शाबूत असताना. पंखा आणि बेअरिंग यांच्यामधली कडी (ही चकती समजून हमखास फेकली जाते) नसेल तर पंखा कवचाला घासतो किंवा पुली पट्ट्याच्या रेषेतून सरकते. पट्टा मग एका कडेने झिजतो आणि दोष पट्ट्याच्या कंपनीला लागतो.

स्क्रूंचे तर वेगळेच शास्त्र आहे. ब्रिटिश विजेच्या उपकरणांत ‘बीए’ नावाचे आटे असत. ही मालिका इंग्रजांची असली तरी तिचा पाया मिलिमीटर आहे : शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटर जाड, आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर, पुढच्या प्रत्येक क्रमांकाला ते अंतर ०.९ने गुणत जायचे. म्हणजे दोन क्रमांकाला ०.८१. आता आपल्या दुकानात सहज मिळणारा ५ मिलिमीटरचा स्क्रू पाहा. त्याच्या आट्यांमधले अंतर ०.८. इतके जवळ की तो दोन क्रमांकाच्या बीए भोकात दोन-तीन वेढे गुमान जातो. पण तो जाडीला ५, आणि बीए ४.७, आट्याचा कोनही निराळा. पुढे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. त्या कवचाला बदली नाही.

‘कटआउट’ हा दुसरा फसवा शब्द. डायनामोच्या काळात बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून एक रिले असे, तो कटआउट. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर त्याच डबीत शेजारी बसलेला, म्हणून डबीचेच नाव कटआउट पडले. अल्टरनेटरमध्ये कटआउट नाही. उलटी वीज अडवण्याचे काम डायोडच करतात. तरी मिस्त्री रेग्युलेटरला कटआउटच म्हणतो आणि दुकानदार त्याला भलतीच डबी काढून देतो. एसीआरमधला रेग्युलेटर छोट्या डबीएवढा इलेक्ट्रॉनिक तुकडा असतो. तो व्होल्टेज साधारण १४.२च्या आसपास धरतो. काही नमुन्यांत तो हे व्होल्टेज अल्टरनेटरच्याच अंगावर मोजतो, काहींत वेगळ्या तारेने थेट बॅटरीवर. दुसऱ्या प्रकारची ती तार वायरिंग बदलताना कापली गेली तर त्याला बॅटरीचे व्होल्टेज कमी भासते आणि तो सामान्यतः चार्जिंग वाढवत नेतो, बॅटरी उकळते. त्यामुळे रेग्युलेटर घेताना तारा मोजून आणि कोणती तार कुठे जाते हे पाहूनच घ्यावा.

डायोड नऊ. सहा मुख्य, तीन चुंबकाला वीज पुरवणारे छोटे. तपासायला बारा व्होल्टची बॅटरी आणि दीड वॉटचा दिवा एवढे पुरते. डायोड सुटा करून दिवा त्याच्या मालिकेत जोडायचा. एका दिशेने पेटावा, टोके उलटी केली की पेटू नये. दोन्हीकडे पेटला तर आतून चिकटला, कुठेच पेटला नाही तर तुटला. डाग देताना डायोडच्या पायाला लांब चोचीची पक्कड धरावी, म्हणजे उष्णता पक्कड खाते. जुनी काळी प्लेट मिळाली नाही तर आजचे जास्त क्षमतेचे डायोड त्याच उष्णताशोषक पत्र्यांवर बसवता येतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. डायोडला ऐतिहासिक मूल्य चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी तो कधी उघडून पाहिला नसावा. एक गोष्ट मात्र डायोडना क्षणात मारते : बॅटरी उलटी जोडणे. धन अर्थच्या गाड्यांवर हात बसलेल्या जुन्या जाणकार मिस्त्रीकडूनच हे जास्त घडते.

हरवलेला भाग कधी अल्टरनेटरमध्ये नसतोच. चुंबकाला पहिली चेतना डॅशबोर्डवरच्या लाल इशारादिव्यातून मिळते. लुकासने तिथे २.२ वॉटचा दिवा दिला आहे. त्यातून जवळपास ०.१८ अँपिअर वाहतो. हल्ली हौसेने तिथे एलईडी घालतात. त्यातून जेमतेम दोन शतांश अँपिअर जातात, चुंबक जागा होत नाही आणि अल्टरनेटर ‘मेला’ असे ठरते. एका गृहस्थांनी दोन अल्टरनेटर बदलल्यानंतर त्यांच्या गाडीत साधा दिवा घालून पाहिला, आणि पहिला जुनाच पुन्हा बसवला.

आता स्टेटर. गुंडाळी जळली की बहुतेक लोक हात टेकतात, आणि इथेच आपल्याकडची एक गोष्ट उपयोगी पडते. महाराष्ट्रात तालुक्याच्या कुठल्याही गावी मोटर-वाइंडिंगचे दुकान असते, कारण विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी कमी दाबाने जळत राहतात. शेतीच्या या दुखण्याने तारेचे वेढे मोजून तसेच्या तसे भरण्याची विद्या जिवंत ठेवली आहे. ब्रिटनमध्ये असे काम करणारा शोधत फिरावे लागते. इथे तो एसटी स्टँडच्या मागे बसलेला असतो. एसीआरचा स्टेटर ३६ खाचांचा, रोटर १२ ध्रुवांचा, फेज तीन. पंप भरणाऱ्याला हे कोडे नाही. जुनी गुंडाळी तोडण्यापूर्वी तो वेढे मोजतो, तारेची जाडी गेजने पाहतो, जोड ‘स्टार’ की ‘डेल्टा’ ते टिपतो. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पंप पन्नास सायकलवर चालतो. अल्टरनेटर सहा हजार फेऱ्यांना सहाशे सायकल देतो. आणि इंजिनाशेजारची उष्णता विहिरीपाशी नसते, तेव्हा तार १५५ किंवा १८० अंश सोसणाऱ्या वर्गातली हवी. बाकी त्याचा हात आपल्यापेक्षा चांगला असतो.

हे सगळे करण्याऐवजी नवा तयार केलेला अल्टरनेटर का आणू नये, असे विचारले जाते. जुना द्यायचा, दुरुस्त केलेला दुसरा घ्यायचा, अशी अदलाबदलीची पद्धत ब्रिटनमध्ये फार दिवसांपासून आहे. रोज वापरायच्या गाडीला ती योग्यच. पण लुकास आपल्या कवचावर नमुना, क्रमांक आणि बनवल्याचा आठवडा व वर्ष ठोकत असे. ‘२३ ७१’ असेल तर १९७१चा तेविसावा आठवडा. गाडीच्या जन्मवेळेशी जुळणारे ते कवच एकदा अदलाबदलीत गेले की परत येत नाही. बदल्यात येतो तो बहुधा संकर : पुढचे कवच एकाचे, मागचे दुसऱ्याचे, आत तिसऱ्याचा रोटर. वर ठोकलेल्या क्रमांकावरून आतल्या मापांविषयी मग काहीच सांगता येत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीला चुकीचे कार्बन येतात.

आपल्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. अल्टरनेटरचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे इथे काय राखायचे हे मालकानेच ठरवायचे आहे. माझे मत : कवच, पंखा, पुली आणि रोटर-स्टेटरचे लोखंड राखावे; कार्बन, बेअरिंग, डायोड, रेग्युलेटर बेधडक बदलावेत, पण काढलेला तुकडा माप घेतल्याशिवाय टाकू नये. परत बसवताना पट्टा ताणायला पहार लावायचीच असेल तर ती पुढच्या, पुलीकडच्या कवचालाच लावावी. मागच्या कवचाला लावली तर ॲल्युमिनियमला चीर जाते आणि इतका वेळ सांगितलेले सारे व्यर्थ.

माझ्या ओळखीच्या एका वाइंडिंगवाल्यांची तीस वर्षांची वही आहे. पाच हॉर्सपॉवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, उसाच्या रसाच्या चरकाची मोटर, आणि मधेच एका पानावर १६ एसीआर : वेढे, गेज, खाचांची उडी, जोड. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या परवानगीने मी त्या वहीची पाने छायांकित करून घेतली. काही पानांवर तेलाचे डाग असल्याने आकडे पुसट झाले आहेत. ते त्यांनी शेजारी बसून तोंडी सांगितले, आणि दोन ठिकाणी आठवेना तेव्हा माळ्यावरचा जुना स्टेटर काढून वेढे पुन्हा मोजले.